पाच मिनिटांचे ग्रिट्स, तासाभराचे ग्रिट्स

अमेरिकेच्या दक्षिण भागात न्याहारीला ग्रिट्स मागावे लागत नाहीत. दोन अंडी आणि कॉफी सांगितली, की बशीत अंड्यांच्या शेजारी एक पांढरा, वाफाळता ढीग येऊन बसतो आणि त्यावर लोण्याचा तुकडा विरघळत असतो. मक्याच्या कण्या, पाणी, मीठ, लोणी. कृती इथेच संपते. त्यामुळे या खेपेला मला छोट्या गावांतल्या कॅफेंमधून चांगले ग्रिट्स शोधत हिंडायचंय, असं मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "मावशी, अगं ते जाशील तिथे मिळतात. शोधायचंय काय त्यात?"

त्याचं खोटं नव्हतं. अमेरिकेत खपणाऱ्या ग्रिट्सपैकी तीनचतुर्थांश माल दक्षिणेतच खपतो असं सांगतात. जॉर्जिया राज्याने तर २००२ मध्ये कायदा करून ग्रिट्सना राज्याच्या अधिकृत पदार्थाचा मान दिला. पण भाचा राहतो त्या अल्फारेटात, अटलांटाच्या उत्तरेच्या त्या उपनगरात, त्याच्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहतात. जॉर्जियाच्या समुद्रकाठच्या. मागच्या खेपेला त्यांनी मला वाडगाभर ग्रिट्स दिले होते. दाणा न दाणा दाताखाली लागत होता, तरी सगळं मऊ होतं, आणि भाजलेल्या कणसाचा वास येत होता. त्यानंतर हॉटेलांत जे ग्रिट्स खाल्ले त्यांना वास नव्हता, दाणा नव्हता आणि गार झाल्यावर सुरीने वड्या पाडता आल्या असत्या. एकाच नावाने या दोन वस्तू कशा खपतात, हे मला पाहायचं होतं.

उत्तराचा पहिला भाग किराणा दुकानातच मिळतो. ग्रिट्स तीन तऱ्हेचे. पहिले दगडी जात्यावर दळलेले: मक्याचा दाणा अंकुरासकट भरडायचा, चाळून पीठ वेगळं काढायचं, जाडसर कण ठेवायचे. अंकुरात तेल असतं, चव त्यातच असते, आणि त्यामुळेच हा माल लवकर खवट होतो. तो फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि शिजायला पाऊण तास ते तास घेतो. दुसरे झटपट ग्रिट्स: गिरणीत अंकुर आणि साल काढून बारीक दळलेले, पाच मिनिटांत होणारे, फडताळात महिनोन्‌महिने टिकणारे. तिसरे इन्स्टंट: आधी शिजवून वाळवलेले, पुडी फोडून त्यावर उकळतं पाणी ओतायचं. त्यांना पदार्थ म्हणावं की औषध, हे ज्याचं त्याने ठरवावं.

या तिसऱ्या जातीची भेट पहिल्या मुक्कामाच्या मोटेलातच झाली. मोटेलचे मालक पटेल होते, आणि त्यात नवल काही नाही. अमेरिकेतल्या अर्ध्याहून अधिक हॉटेल-मोटेलांची मालकी आपल्या सभासदांकडे आहे असा भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांच्या संघटनेचा दावा आहे, आणि ही संघटना १९८९ मध्ये अटलांटातच स्थापन झाली. न्याहारीच्या टेबलावर पुड्यांची टोपली होती. काकांनी मला पुडी घेताना पाहिलं, आत गेले आणि घरचे गरम थेपले घेऊन आले. "ए नहीं खाने का, बेन," म्हणाले. तीस वर्षं ते या पुड्या मागवतायत, स्वतः एकदाच चाखली होती.

भाच्याला घेऊन अटलांटाहून आग्नेयेला निघालो. इथे एक सांगायला हवं. सिनेमात दिसतो तो रेल्वेच्या डब्यासारखा चकचकीत डायनर ही मुळात ईशान्य अमेरिकेची चीज. न्यू जर्सीकडच्या कारखान्यांत असे डायनर तयार होत आणि ट्रकवरून गावोगाव जात. दक्षिणेत त्या जागी असतो कोर्टाच्या चौकातला कॅफे, नाहीतर पेट्रोल पंपाला चिकटलेलं खाणावळवजा दुकान. पहाटे पाचला उघडतं, दुपारी दोनला बंद होतं, रविवारी चर्चमुळे बहुधा बंदच. आणि महामार्गावर पिवळ्या पाट्यांचं वॉफल हाउस असतं. १९५५ मध्ये अटलांटाजवळच्या अ‍ॅव्हनडेल इस्टेट्समध्ये ते सुरू झालं. ते कधीच बंद नसतं. इतकं नसतं, की वादळानंतर वॉफल हाउस उघडं आहे की नाही यावरून नुकसानीचा अंदाज बांधायची पद्धत अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापनातल्या अधिकाऱ्यांनी पाडली. पूर्ण मेन्यू मिळत असेल तर हिरवा, अर्धा मिळत असेल तर पिवळा, टाळं असेल तर लाल. भाच्याचा कॉलेजपासूनचा जीव तिथे अडकलेला, म्हणून एकदा तिथे खाल्लं. ग्रिट्स गरम होते. याहून अधिक त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही. तिथे बटाट्याचा कीस खावा.

जॉर्जियातल्या माँटिसेलो गावी जायचं कारण मात्र एक सिनेमा होता. 'माय कझिन विनी' हा १९९२ चा चित्रपट घडतो अलाबामात, पण त्याचं चित्रण बरंचसं इथे झालं. न्यूयॉर्कहून आलेल्या दोन पोरांवर खुनाचा आळ येतो. साक्षीदार म्हणतो, मी न्याहारी करायला घेतली तेव्हा ती दुकानात शिरली, आणि मी खायला बसतोय तोवर, म्हणजे पाच मिनिटांत, गोळीचा आवाज आला. वकील विचारतो, न्याहारीला काय होतं? ग्रिट्स. इन्स्टंट? छे, भलतंच. मग साऱ्या दक्षिणेला ग्रिट्स शिजवायला वीस मिनिटं लागतात, तुमचे पाच मिनिटांत कसे झाले? खटला तिथेच फिरतो. हा प्रसंग विनोदी आहेच, पण एका पदार्थाच्या शिजण्याच्या वेळेवर लोकांची अब्रू कशी टांगलेली असते हेही त्यात आहे. खऱ्या दक्षिणेत त्या साक्षीदाराचा पक्ष लंगडा पडला नसता, कारण पाच मिनिटांचेच ग्रिट्स घरोघर आहेत. कबूल मात्र कोणी करत नाही.

चौकातलं कोर्ट पाहून आम्ही मॅडिसनच्या रस्त्याला लागलो आणि वाटेतल्या एका गावात, ज्याच्या नावावर दोन दिवे आणि एक चर्च एवढीच मिळकत आहे, न्याहारीला थांबलो. साडेसहा वाजले होते. बाहेर सगळे पिकअप ट्रक. आत मधोमध एक लांब टेबल, आणि त्याच्याभोवती टोप्या घातलेले सहासात म्हातारे. असं टेबल प्रत्येक गावच्या कॅफेत असतं. पाऊस, कापूस, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाची जमीन विकायला निघाली, हे सगळं तिथे रोज नव्याने ठरतं. वाढणारी बाई साठीची. तिने भाच्याला 'डार्लिंग' आणि मला 'हनी' म्हटलं, आणि उत्तराची वाट न पाहता कॉफी ओतली. कप अर्धा झाला की ती पुन्हा येते. नको असेल तर कपावर हात आडवा धरायचा.

मेन्यूत दोन अंडी ठरलेली. बाकी तुम्ही निवडायचं: बेकन, सॉसेज किंवा कंट्री हॅम, ग्रिट्स किंवा बटाटा, बिस्किट किंवा टोस्ट. हे बिस्किट चहात बुडवायचं नव्हे, तो ताकात भिजवलेल्या मैद्याचा पापुद्रे सुटलेला मऊ पाव असतो. कंट्री हॅम म्हणजे डुकराची मांडी मिठात मुरवून महिनोन्‌महिने टांगून ठेवलेली. इतकी खारट, की पहिल्या घासाला डोळे मिटतात. तिचा काप तव्यावर परतायचा, आणि तव्याला जे खरपूस चिकटलेलं राहतं त्यात काळी कॉफी ओतून ते सोडवून घ्यायचं. ही 'रेड-आय' ग्रेव्ही. ग्रिट्समध्ये चमच्याने खळगा करून त्यात ती ओतायची. कडू, खारट, तेलकट पाणी. वाचायला कसंसंच वाटेल, पण सपक ग्रिट्सना ते जागं करतं. भाच्याने पिवळा बलक फोडून ग्रिट्समध्ये कालवला. इथली हीच रीत.

आणि ग्रिट्स चांगले होते. शेजारच्या आजींचे नव्हेत, पण लुसलुशीत, दुधाळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी विचारलं, जात्यावरचे आहेत का? स्वयंपाकीणबाई हसल्या आणि त्यांनी मला पिशवीच दाखवली: झटपट. "पिशवीवर पाच मिनिटं लिहिलंय, पण मी साडेचारला येऊन चढवते आणि दार उघडेपर्यंत ढवळत असते. अर्धं पाणी, अर्धं दूध." मग जात्यावरचे का नाही घेत? त्यांनी बोटांवर हिशेब सांगितला. किंमत कितीतरी पट. फ्रीजमध्ये जागा नाही. तासभर गॅस. आणि शिजून बसले की घट्ट होत जातात, दर वीस मिनिटांनी पातळ करत राहायचं, त्याला माणूस कुठून आणायचा? दोन अंडी, मांस, ग्रिट्स, बिस्किट आणि न संपणारी कॉफी हे सगळं दहा डॉलरच्या आत द्यायचं असतं. हे ऐकल्यावर नावं ठेवायची माझी हौस बरीच कमी झाली.

तिथल्या काउंटरला लागून गोल फिरती स्टुलं होती. अशा स्टुलांवर बसायचा हक्क मिळवायला माणसांना मार खावा लागलेला आहे. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले, कॉफी मागितली, ती मिळाली नाही तरी उठले नाहीत. तिथून दक्षिणभर धरण्यांची लाट गेली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरही बर्मिंगहॅममधलं ऑलीज बार्बेक्यू हे खाणावळवजा हॉटेल सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेलं आणि हरलं. तिथे कृष्णवर्णीयांना खाणं मिळे, पण बांधून, बाहेर न्यायला. त्याआधीची तीसेक वर्षं प्रवासाला निघणारी कृष्णवर्णीय कुटुंबं व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या हार्लेममधल्या पोस्टमनने काढलेली पुस्तिका जवळ ठेवत. कुठे जेवायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, याची ती यादी होती. छोट्या गावच्या कॅफेचा जिव्हाळा मला खरा वाटतो. पण तो कोणासाठी होता, हे विसरून त्याचे गोडवे गाता येत नाहीत. आजही एका गावात चौकातल्या कॅफेत सगळे गोरे आणि रेल्वेरुळांपलीकडच्या कॅफेत सगळे काळे असं मी पाहिलं. रुळांपलीकडे ग्रिट्सबरोबर मक्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा मिळाला, वर तिखट सॉस. कोकणातल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको.

मॅडिसन, अथेन्स करत उत्तरेला डोंगरांत शिरलो. हेलन नावाचं एक गाव आहे. लाकडाचा धंदा बसल्यावर १९६९ च्या सुमारास गावकऱ्यांनी ठरवून सगळ्या इमारतींना जर्मन आल्प्समधल्या घरांची तोंडं चढवली. आता तिथे जॉर्जियाच्या डोंगरात सॉसेज आणि बिअरचे महोत्सव चालतात. त्याबद्दल इतकंच पुरे. गावाबाहेर चॅटहूची नदीवर नोरा मिल आहे, तिच्यासाठी आलो होतो. १८७६ ची ही पाणचक्की. पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर झालेल्या लामार्टिन हार्डमन यांनी ती विकत घेतली आणि बहिणीचं नाव तिला दिलं. बंधाऱ्याचं पाणी खालच्या टर्बाइनवर पडतं, आणि वर फ्रान्सहून आणलेल्या दगडांची जोडी फिरते. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. दोहोंतलं अंतर म्हणजे सगळी विद्या. जास्त झालं तर मका नुसता फुटतो, कमी झालं तर दगड तापतो आणि तापलेल्या दगडाखालून गेलेल्या मक्याचा वास उडतो. दळणारा माणूस दर थोड्या वेळाने पडणारा भरडा चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून बघत होता. दगडांना टाकी लावावी लागते का, हे मी हातानेच ठोकून दाखवत विचारलं. त्याला लगेच कळलं. अर्थातच लावावी लागते, आणि ते काम येणारी माणसं आता फार थोडी उरलीत.

अशी चक्की एके काळी प्रत्येक ओढ्यावर होती. शेतकरी मका घेऊन यायचा, दळणारा मजुरी म्हणून त्यातलाच वाटा काढून घ्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मोठ्या गिरण्या आल्या, दाण्यातून अंकुर काढून टाकणारी यंत्रं आली. पीठ टिकायला लागलं, रेल्वेने दूर जायला लागलं, स्वस्त झालं. आणि माणसं आजारी पडायला लागली.

हेलनहून खाली उतरून आम्ही साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गवरून गेलो. तिथे पाहण्यासारखं असं काही माझ्या यादीत नव्हतं, पण ग्रिट्सची गोष्ट या गावाला टाळून पुढे जात नाही. पेलाग्रा हा रोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत पसरला: उन्हात कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, मग भ्रम, मग मृत्यू. १९०६ ते १९४० या काळात सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि लाखभर दगावले असा अंदाज आहे. लोकांना वाटे तो संसर्ग आहे. सरकारी आरोग्य खात्याच्या जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं: अनाथाश्रमांत मुलं आजारी पडतात, त्यांना सांभाळणारे पडत नाहीत, मग हा जंतू निवडून कसा चावतो? स्पार्टनबर्गला १९१४ मध्ये या रोगासाठी खास रुग्णालय उघडलं. गोल्डबर्गरनी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना मुख्यतः मक्याचा आहार देऊन रोग निर्माण करून दाखवला, आणि संसर्गाची शंका मिटवायला रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. १९३७ मध्ये नायसिनचा, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाचा, अभाव हे कारण पक्कं झालं.

मक्यात नायसिन असतं, पण जखडलेलं. मूळ अमेरिकन लोक मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवत. त्याने साल सुटते आणि नायसिनही मोकळं होतं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मका उचलला, राख बहुतेक ठिकाणी मागे ठेवली. शिवाय गुलामांना आणि नंतर गरीब कुळांना मिळणारं अन्न मक्यावरच उभं होतं. फ्रेडरिक डग्लसने आपल्या आत्मवृत्तात मेरीलँडमधल्या गुलामाचा महिन्याचा शिधा सांगितला आहे: आठ पौंड डुकराचं मांस किंवा तितके मासे, आणि एक बुशेल मक्याचं पीठ, म्हणजे वीसपंचवीस किलो. दक्षिणेने १९४० च्या दशकात यावर इलाज केला तो कायद्याने: गिरणीच्या पिठात आणि ग्रिट्समध्ये जीवनसत्त्वं परत घालायची. आज झटपट ग्रिट्सच्या पिशवीवर जीवनसत्त्वांची यादी असते ती यामुळे. म्हणजे कॅफेतल्या ज्या बेचव ग्रिट्सना मी नाक मुरडत होते, त्यांनी माणसं वाचवली आहेत. हाच रोग आपल्या दख्खनेतही होता, तोही मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा माग काढला. ज्वारीतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यामागे असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाचा औषधाच्या कंपनीत काम करतो. तो हे ऐकून बराच वेळ गप्प गाडी चालवत होता, मग म्हणाला, "आपल्या आजीच्या गावाकडे ज्वारीच होती ना सगळी?" होती.

मग जात्यावरचे ग्रिट्स परत आले ते कसे? गरिबांच्या घरातून नाही, हॉटेलांच्या मुदपाकखान्यांतून. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कोळ्यांची न्याहारी म्हणजे लोण्यात नाहीतर बेकनच्या चरबीत परतलेली छोटी कोलंबी आणि ग्रिट्स. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल इथे बिल नील नावाच्या शेफने ती आपल्या क्रुक्स कॉर्नर या हॉटेलात रात्रीच्या जेवणाला ठेवली: चीज घातलेले ग्रिट्स, वर कोलंबी, बेकन, अळंबी, कांद्याची पात. १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या क्रेग क्लेबॉर्न यांनी तिच्यावर लिहिलं आणि हा पदार्थ देशभर गेला. पुढे १९९८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात ग्लेन रॉबर्ट्स यांनी अ‍ॅन्सन मिल्स काढली. जुन्या जातींचा मका शोधून, थंड ठेवून, शेफ लोकांच्या मागणीप्रमाणे दळून द्यायचा. चार्ल्सटनमध्ये आज कोलंबी-ग्रिट्सच्या बशीला तीस डॉलर सहज पडतात. आम्ही खाल्ली. उत्तम होती, यात शंका नाही. पण न्याहारीचा पदार्थ मेणबत्तीच्या उजेडात खाताना मला सारखं वाटत होतं की आपण कोणाच्या तरी ताटातलं उचललंय.

चार्ल्सटनच्या आधी सेंट जॉर्ज लागतं. दोनेक हजार वस्तीचं गाव, पण स्वतःला ग्रिट्सची राजधानी म्हणवून घेतं. १९८० च्या दशकापासून तिथे दर एप्रिलमध्ये जागतिक ग्रिट्स महोत्सव भरतो. सुरुवात झाली ती एका किराणा दुकानदाराच्या लक्षात आलं म्हणून, की एवढ्याशा गावात ग्रिट्सचा खप भलताच आहे. महोत्सवाचं मुख्य आकर्षण असं: एका मोठ्या हौदात शिजवलेले ग्रिट्स भरतात. स्पर्धकाचं वजन करतात. मग त्याने आत उडी मारून लोळायचं. बाहेर आल्यावर पुन्हा वजन. अंगाला आणि विजारीच्या खिशांत ज्याच्या जास्तीत जास्त ग्रिट्स अडकले तो जिंकला. आम्ही गेलो नोव्हेंबरात, त्यामुळे हौद पाहायचं भाग्य हुकलं. गावात न्याहारी केली. पुन्हा झटपटच.

शेवटचा टप्पा एडिस्टो बेट. मोठा महामार्ग सोडून १७४ क्रमांकाचा रस्ता घेतला की दोन्ही बाजूंना ओकची झाडं वर एकमेकांना भिडतात, फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबतात आणि मधूनच खाऱ्या दलदलीचं पिवळं गवत क्षितिजापर्यंत पसरतं. एके काळी इथे लांब धाग्याच्या कापसाचे मळे होते, म्हणजे गुलामांच्या वस्त्या होत्या. त्यांचे वंशज ते गुला गीची लोक. त्यांची भाषा, टोपल्या, जेवण यांत पश्चिम आफ्रिका अजून दिसते. २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतची सगळी किनारपट्टी त्यांचा वारसा म्हणून जाहीर केली. शेजारच्या आजी मूळच्या याच किनाऱ्याच्या, फक्त जॉर्जियाच्या बाजूच्या.

बेटावर मार्श हेन मिल आहे. आधी तिच्या नावात 'गीची' होतं. मालक गोरे, आणि दुसऱ्यांची ओळख आपल्या पाकिटावर छापणं बरं नव्हे असं ठरून २०२० मध्ये ते नाव बदलायचं जाहीर झालं. दुकानात पांढरे, पिवळे आणि लालसर ठिपक्यांचे असे ग्रिट्स मांडलेले. लालसर ते 'जिमी रेड' मक्याचे. चार्ल्सटनजवळच्या जेम्स बेटावर हातभट्टीवाले हा मका दारूसाठी लावत. २००० च्या सुमारास तो जवळजवळ संपला होता. शेवटची दोन कणसं बी जपणाऱ्या एका शेतकऱ्यापर्यंत पोचली आणि त्यातून पुन्हा वाढवला, अशी हकिकत सांगतात. आज चार्ल्सटनची एक डिस्टिलरी त्याची रीतसर, परवान्याची बर्बन काढते.

गिरणीतल्या माणसाला विचारलं, तुमचा माल इथल्या कुठल्या कॅफेत जातो? चार्ल्सटनच्या हॉटेलांची नावं धडाधड आली. नाही, न्याहारीचा कॅफे. त्याने डोकं खाजवलं आणि मोठ्या रस्त्यावरच्या, पेट्रोल पंपाशेजारच्या एका ठिकाणाचं नाव सांगितलं. "पण फक्त शनिवारी."

दुसरा दिवस शनिवार होता. सहा टेबलं, भिंतीवर शाळेच्या फुटबॉल संघाचे फोटो, काउंटरवर तिखट सॉसच्या बाटल्या. चालवणाऱ्या बाई गुला गीची. आठवडाभर झटपट का, आणि शनिवारी जात्यावरचे का, याचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं: आठवडाभर लोक कामाला जात असतात, शनिवारी ते बसतात. शुक्रवारी रात्री ग्रिट्स पाण्यात भिजत घालायचे. सकाळी वर तरंगणारा कोंडा हाताने निपटून काढायचा. एकाला चार पाणी, मीठ आधीच. मग मंद आचेवर तास-सव्वातास, तळाशी लागू न देता. दूध नाही, चीज नाही, शेवटी लोणी. कोलंबी त्या रात्रीच्या बोटीवरची, सालासकट बोटभरही नाही अशी, कांदा-बेकनमध्ये परतून थोड्या पिठाने दाटवलेली. बशी बारा डॉलरला.

ग्रिट्सचा दाणा लागत होता. वास येत होता. पलीकडच्या टेबलावर टोपीवाल्या एका कोळ्याने त्यावर साखर घेतली आणि त्याच्याच बरोबरच्याने खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकवली. साखरेवरून इथे मैत्री तुटत नाही, पण ताणली जाते. भाच्याने काहीही न बोलता दुसरी बशी सांगितली. मग म्हणाला, "हे वेगळंच काहीतरी आहे गं." मी म्हटलं, तेच आहे, वेळ जास्त दिलाय.

परत मिलवर जाऊन आम्ही पांढरे, पिवळे आणि जिमी रेड असे तिन्ही ग्रिट्स घेतले. देणाऱ्याने बजावलं: गाडीत तापू देऊ नका, घरी गेल्याबरोबर फ्रीझर. अल्फारेटातल्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, सोललेले मटार, भाच्याच्या सासूने पाठवलेल्या पुरणपोळ्या आणि गेल्या गणपतीचे उकडीचे मोदक आधीच होते. यातलं काय बाहेर काढायचं यावर ऑगस्टा मागे पडेपर्यंत चर्चा चालली. मोदक जातील असं दिसतंय.